सॉकेट बदललं तरी पुन्हा तापतं, एमसीबी रात्रीच पडतो, अलार्म पहाटे चिवचिवतो: आगीआधी दोष कसा शोधायचा

तक्रार बहुतेक घरांत एकाच साच्याची असते. हीटरचं किंवा गीझरचं सॉकेट काळं पडलं म्हणून बदललं. दोन महिन्यांत नवंही काळं पडलं, तेही बदललं. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) एकदाही पडला नाही, म्हणून "तसा धोका नसावा" असं सगळ्यांनी धरून चाललं. मधूनच रात्री झोपताना हलका जळका वास येतो आणि सकाळी विसरला जातो.

तुमच्याकडे आत्ता हेच चालू असेल तर आधी त्या सॉकेटवरचा लोड, म्हणजे त्यावर चालणारं उपकरण, बंद करा आणि दोष सापडेपर्यंत बंदच ठेवा. रात्रीच्या आगी अचानक लागल्यासारख्या वाटतात, पण विजेमुळे लागणाऱ्या आगींत खूण बऱ्याचदा आठवडे-महिने आधीपासून दिसत असते. अडचण ही की आपण ज्या उपकरणावर भरवसा ठेवून झोपतो, त्याला ती खूण दिसत नाही.

एमसीबी का पडत नाही

एमसीबी स्वतःतून जाणारा प्रवाह पाहतो. सॉकेट किती तापलंय हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा निम्म्याहून किंचितच जास्त भार. आता त्या वाटेत एक स्क्रू ढिला पडला आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला असं धरा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे त्या एका ठिकाणी जवळपास ३८ वॅट उष्णता. सोल्डरिंग करायची साधी इस्त्री २५ वॅटची असते. तेवढी किंवा त्याहून जास्त उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या डबीत, तासन् तास. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरचं आवरण सतत ७० अंश सेल्सिअस सोसेल अशा बेताने बनवलेलं असतं. इथे तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं. वर रोध वाढला की प्रवाह किंचित कमीच होतो, त्यामुळे एमसीबीच्या दृष्टीने सगळं अधिकच ठीक.

गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबीही इथे कामाचा नाही. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांतला फरक पाहतो. ढिल्या सांध्यातून गळती होत नाही, फक्त उष्णता निघते. ठिणग्या ओळखणारं एएफडीडी नावाचं उपकरण मिळतं आणि जुन्या वायरिंगच्या घरात, विशेषतः झोपायच्या खोल्यांच्या सर्किटवर, ते बसवण्याजोगं आहे. पण ठिणगी न पडता नुसता धगधगणारा सांधा त्याच्याही नजरेतून सुटू शकतो. म्हणून हात लावून तपासण्याला पर्याय नाही.

नेमकं कुठे तापतंय

दुपारी किंवा संध्याकाळी, सगळे जागे असताना, फक्त या तपासणीपुरता, लोड अर्धा तास चालवा. मग बटण बंद करा, त्या सर्किटचा एमसीबी खाली करा, प्लग काढा आणि लगेच तपासा. बोट आधी पिनजवळ न्या, धग लागली नाही तरच टेकवा. पाच सेकंद बोट ठेवता येत नसेल तर ती जागा साधारण ६० अंशांवर आहे असं समजा. कोमटपणा चालतो. चटका चालत नाही.

एकच पिन तापलेली किंवा तपकिरी असेल तर त्या बाजूचा संपर्क ढिला आहे: सॉकेटची त्या बाजूची पत्ती सैल झालीय किंवा मागचा स्क्रू. दोन्ही पिना सारख्याच तापल्या असतील तर सॉकेट एकूणच झिजलंय, नाहीतर ६ अँपिअरच्या सॉकेटवर मोठा लोड अडॅप्टर लावून चालवला जातोय. पिना गार पण प्लगचा मागचा भाग, जिथून वायर आत शिरते तो, गरम असेल तर दोष प्लगच्या आत आहे: स्क्रू ढिला, किंवा वायरच्या तारांपैकी निम्म्या वाकून वाकून तुटलेल्या. पूर्ण वायरच सारखी गरम असेल तर ती लोडच्या मानाने बारीक आहे.

दोन जागा हमखास राहून जातात. एक म्हणजे बटण. सॉकेट आणि त्याचं बटण एकामागोमाग एक असतात, प्रवाह दोन्हींतून तेवढाच जातो. सॉकेट नवं बसवलं आणि बटण जुनंच ठेवलं की उष्णता शेजारून येत राहते. दुसरी जास्त गंभीर: ज्या बोर्डात काहीच लावलेलं नाही तोच गरम लागणं. बऱ्याच वायरिंगमध्ये पुढच्या बोर्डाकडे वीज नेणारी वायर (लूप) याच बोर्डातल्या स्क्रूवरून गेलेलं असतं. पुढच्या खोलीतला एसी चालतो आणि रिकाम्या बोर्डातला सांधा तापतो. त्यामुळे एका सर्किटवरचे सगळे बोर्ड तपासा, फक्त वापरातले नव्हे.

अंतरावरून तापमान दाखवणारा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर जरूर वापरा, पण चकचकीत पितळी पिनेवर तो खरं आहे त्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. प्लास्टिकवर मोजा, किंवा पिनेवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर.

सांधा भिंतीत किंवा लपलेल्या डबीत असेल तर व्होल्टेजची घट उपयोगी पडते. सॉकेटमध्ये खोचायचा व्होल्टमीटर शेजारच्या सॉकेटमध्ये लावा, हीटर बंद असतानाचा आणि चालू केल्यावरचा आकडा लिहा. हेच मुख्य बोर्डाजवळच्या सॉकेटवर करा. समजा मुख्य बोर्डाजवळ २ व्होल्ट उतरले आणि खोलीत ८. मधल्या ६ पैकी वायरचे स्वतःचे किती? २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे ०.२२ ओहम, म्हणजे ८.७ अँपिअरला दोनच्या आत व्होल्ट. उरलेले ४ व्होल्ट कुठल्यातरी सांध्यावर जळताहेत, आणि ४ गुणिले ८.७ म्हणजे ३५ वॅट. ही चाचणी प्लग आणि पिन यांच्यातला दोष पकडत नाही, त्यासाठी वरचीच हाताची तपासणी. मीटरच्या उघड्या टोकांनी चालू बोर्डात मोजणं मात्र वायरमनवर सोडा.

बदलूनही पुन्हा का होतं

कारण बदललं जातं ते अर्धंच. काळ्या पडलेल्या पिनेवर ऑक्साइडचा थर असतो. ती पिन नव्या सॉकेटमध्ये घातली की संपर्क पहिल्या दिवसापासूनच खराब, पत्ती तापते, तिचा स्प्रिंगपणा जातो, आणि महिन्याभरात सॉकेट जुन्यासारखं. उलटही तेवढंच खरं: नवा प्लग जुन्या सैल सॉकेटमध्ये टिकत नाही. प्लग, सॉकेट आणि बटण तिन्ही एकाच वेळी बदला. प्लग वायरीबरोबर साच्यात ओतलेला असेल तर तो कापून टाका आणि उपकरणाच्या अँपिअरला पुरेल असा स्क्रूवाला प्लग लावा. पॉलिश पेपरने पिना घासणं हा इलाज नाही, त्यावरचा मुलामाच निघून जातो.

दुसरं कारण वायरीच्या टोकात. तापलेलं तांबं काळं आणि ठिसूळ होतं, आवरण कडक होतं. तेच टोक पुन्हा स्क्रूखाली दाबलं तर घट्ट वाटतं, पण पकड राहत नाही. म्हणून सर्किट बंद करून, टेस्टर आधी एखाद्या चालू सॉकेटवर लावून तो चालतोय याची खात्री करून, मग इथे वीज नाही हे तपासून, टोक चमकदार तांबं आणि मऊ आवरण लागेपर्यंत मागे कापा. बहुधा ३-४ सेंटिमीटर पुरतात. मग वायर अपुरी पडली तर पीळ देऊन टेप गुंडाळू नका, योग्य अँपिअरचा कनेक्टर वापरा.

आवरण ८ ते १० मिलिमीटर काढा. बारीक तारांच्या वायरीला पिन-लग (टोकावर बसणारी धातूची टोपी) दाबून लावणं सगळ्यात चांगलं. नसेल तर टोक दुहेरी मुडपा. स्क्रूखाली आवरण येऊ देऊ नका, तिथे स्क्रू प्लास्टिकवर टेकतो आणि प्लास्टिक मऊ झालं की सांधा ढिला. टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली घालणं ही चांगल्या हेतूने होणारी चूक आहे: सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू आपोआप सैल होतो. एका स्क्रूखाली जाड आणि बारीक अशा दोन वायरी घातल्या तर बारीक वायर दबतच नाही. ॲल्युमिनियमची जुनी वायर असेल तर घरच्या घरी हात लावू नका, तिला वेगळे जोड लागतात.

घट्ट केल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहा. साधारण आठवड्याने, पुन्हा वीज बंद करून, स्क्रू पुन्हा आवळा. तापण्या-निवण्याने तारा बसतात आणि पाव आटा मिळतोच. शेवटी तीच अर्ध्या तासाची चाचणी पुन्हा. ती न करता काम झालं असं समजू नका.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल थोडक्यात: हीटर, इस्त्री, गीझर, एसी त्यावर नाही. बाकी कशासाठी वापरलात तर वायर पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळीत उष्णता कोंडते. गालिच्याखालून किंवा पलंगाच्या पायाखालून नेऊ नका. एका एक्स्टेन्शनला दुसरं जोडू नका.

एमसीबी रात्रीच का पडतो

किती वेळाने पडतो ते आधी पाहा. वर करताक्षणी पडला तर शॉर्ट सर्किट आहे. त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा, एकदाच वर करा. तरीही पडला तर दोष वायरिंगमध्ये आहे, खालीच राहू द्या. पुन्हा पुन्हा वर करणं म्हणजे दर वेळी त्याच जागी ठिणगी पाडणं.

वीस-चाळीस मिनिटांनी पडत असेल तर भार जास्त आहे. रात्री एसी, गीझर, चार्जर एकदम चालतात, आणि व्होल्टेज खाली गेलं की एसीचा कॉम्प्रेसर जास्त प्रवाह ओढतो. इथे सगळ्यात घातक "दुरुस्ती" म्हणजे १६ च्या जागी ३२ अँपिअरचा एमसीबी बसवणं. ठरल्या मानकाप्रमाणे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअर तासभर सोसतो आणि सुमारे २३ अँपिअरला तासाभरात पडतोच. ३२ चा तर ३६ अँपिअर तासभर वाहू देतो. मागे भिंतीत २.५ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर एमसीबी पडण्याआधी तीच भाजून निघेल. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. मोठा हवा असेल तर आधी वायर मोठी करावी लागते.

भार मोजून कमी निघाला तरी पडत असेल तर एमसीबीचा स्वतःचा स्क्रू पाहायला सांगा. तो ढिला असला की तिथली उष्णता आतल्या बायमेटलला, म्हणजे तापल्यावर वाकून स्विच पाडणाऱ्या धातूच्या पट्टीला, लागते आणि तो लवकर पडतो. एमसीबी बदलून हा दोष जात नाही. आणि एमसीबी नव्हे, आरसीसीबी पडत असेल, तेही दमट रात्री, तर ओल शिरून गळती होते आहे: बाहेरचे दिवे, गीझरची कॉइल, पंप, या क्रमाने एकेक सुटं करा.

एक खूण मात्र वेगळी आणि तातडीची: काही दिवे अचानक जास्त प्रखर, काही मंद. हा न्यूट्रल सुटल्याचा प्रकार असू शकतो, आणि थ्री-फेज पुरवठ्यात त्यामुळे काही सर्किटवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. मुख्य स्विच तिथल्या तिथे बंद करा.

इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या

इन्व्हर्टर नेमका सगळे झोपलेले असताना पूर्ण भाराने चालतो, आणि त्याच्या बॅटरीच्या टोकांकडे कोणी पाहत नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८०० वॅट काढायचे तर ७० ते ८० अँपिअर वाहतात. तिथे शतांश ओहमाचा ढिलेपणाही ५०-६० वॅटचा निखारा होतो. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर इन्व्हर्टर बंद करून, आधी ऋण टोक सोडवून ती साफ करा, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळा, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेतो. म्हणून बंद कपाटात बॅटरी नको, आणि तिच्यावर कपडे-कागद तर नकोच.

लिथियम बॅटरीचं दुखणं वेगळं. आतला एक सेल बिघडून तापला की शेजारच्याला तापवतो, आणि ही साखळी चार्जर काढूनही थांबत नाही. विजेच्या सायकलीची, स्कूटरची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावू नका. संध्याकाळी लावा, झोपण्याआधी काढा, गाडी चालवून आल्यावर निदान अर्धा तास निवू द्या. जागा महत्त्वाची: बाहेर पडायच्या वाटेवर किंवा मुख्य दाराशी कधीच नाही. मोबाइल उशीखाली, पांघरुणात चार्ज करू नका. बॅटरी फुगली, चार्ज होताना नेहमीपेक्षा जास्त तापू लागली, गोडसर रसायनासारखा वास आला, की ती घराबाहेर, उघड्यावर. धूर किंवा फुसफुस सुरू झाली असेल तर उचलायला जाऊ नका. तो वायू विषारी आणि ज्वालाग्राही असतो. खोलीचं दार ओढून घ्या, बाहेर पडा. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते.

अलार्म पहाटे तीनला चिवचिवतो

अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या आकडेवारीत रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत घरांच्या आगींपैकी जेमतेम पाचवा हिस्सा लागतो, पण मृत्यूंपैकी सुमारे निम्मे याच वेळेत होतात. झोपेत धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर राहता येत नाही, आणि धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. म्हणून धुराचा अलार्म, आणि म्हणून त्याची बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये टाकणं ही घरातली सर्वांत महागात पडू शकणारी गोष्ट.

दर अर्ध्या-एक मिनिटाला एक चिवचिव म्हणजे बॅटरी उतरलीय. ती पहाटेच सुरू होते कारण गारव्याने बॅटरीचं व्होल्टेज आणखी थोडं खाली जातं. दिवसा खोली तापली की आवाज थांबतो आणि आपण विसरतो. नवी बॅटरी घाला. घालण्याआधी चाचणीचं बटण काही सेकंद दाबून उरलेला चार्ज निघू द्या, नाहीतर नव्या बॅटरीवरही काही काळ चिवचिव राहते. तरीही थांबली नाही तर मागची तारीख वाचा: बनवून १० वर्षं झाली असतील तर अलार्मच बदलायचा.

धूर नसताना वाजत असेल तर धूळ किंवा वाफ. व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने जाळी साफ करा, शेगडी आणि न्हाणीघरापासून तीनेक मीटर दूर हलवा. फोटोइलेक्ट्रिक (प्रकाशाच्या मदतीने धूर ओळखणारा) प्रकार घ्या. गादी, सोफा, वायर यांच्या धुमसत्या आगीचा धूर तो लवकर ओळखतो, आणि रात्रीच्या आगी पुष्कळदा अशाच धुमसत सुरू होतात. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक आणि बाहेरच्या मार्गिकेत एक, छताला, भिंतीच्या कोपऱ्यात नाही. शक्यतो एकमेकांना जोडलेले. झोपताना दारं बंद ठेवायची तर हे जोडलेलं असणं आवश्यकच, कारण बंद दारामुळे बाहेरचा आवाज बराच दबतो. आणि दारं बंद ठेवायलाच हवीत: अमेरिकेतल्या अग्निसंशोधन चाचण्यांत बंद दाराआडची खोली ४० अंशांच्या खाली राहिली, तर उघड्या दाराची ५०० अंशांच्या वर गेली. नेहमीचा तीव्र आवाज लहान मुलांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना उठवेलच असं नाही. त्यांच्या खोलीसाठी ५२० हर्ट्झचा खालच्या पट्टीतला अलार्म मिळतो. तीन-तीन ठोक्यांचा आवाज म्हणजे आग, चार-चारचा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

रात्री जळका वास आला, जागा सापडत नाही

आधी वास कसला ते ओळखा. गॅसचा असेल तर कोणतंही बटण चालूही नको, बंदही नको. सिलिंडरचा नॉब बंद, खिडक्या-दारं उघडी, सगळे बाहेर, फोन बाहेरूनच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, म्हणून उभ्याने वास कमी आला म्हणजे गळती कमी असं नाही.

प्लास्टिकसारखा किंवा कुबट, माशासारखा वास हा तापलेल्या बोर्डाचा असतो. घरातल्यांना उठवा, मुख्य स्विच बंद करा, टॉर्च घ्या. प्रत्येक बोर्डावर आणि त्याच्या भोवतीच्या भिंतीवर हाताची मागची बाजू फिरवा: आधी रात्री चालू असलेल्या मोठ्या लोडचे, मग त्याच सर्किटवरचे रिकामे, मग मुख्य बोर्ड आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टरचं बटण वेगळं बंद करावं लागतं. मुख्य स्विच पाडला की तोच वीज देऊ लागतो आणि दोषाच्या जागेवर पुरवठा चालूच राहतो. भिंत गरम असेल, फटीतून धूर येत असेल, तर शोधाशोध थांबवा, बाहेर पडताना दारं ओढून घ्या आणि अग्निशमन दलाला बोलवा. जिथून बाहेर पडायचं त्या दाराची, जाळीची किल्ली रोज रात्री कुलपालाच किंवा हाताच्या अंतरावर असली पाहिजे.

गरम जागा सापडली आणि निवली, तरी त्या सर्किटचा एमसीबी खालीच ठेवून त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे घरातलं दुसरं कोणी सकाळी सहज वर करणार नाही. वास गेला हे दोष गेल्याचं लक्षण नाही, फक्त प्रवाह थांबल्याचं आहे. कागदावर लिहून ठेवा: वास किती वाजता आला, तेव्हा काय काय चालू होतं आणि किती वेळापासून, कोणता बोर्ड गरम होता, कोणती पिन काळी होती. वायरमन दिवसा येतो तेव्हा सगळं गार असतं. या चार ओळी नसतील तर तो सॉकेट बदलून जाईल.